मशेरीच्या जागी ब्रश

दाढ ठणकत होती म्हणून जाऊबाईंनी चिमूटभर मशेरी, म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू, माझ्या बोटावर ठेवली, तेव्हा मी २२ वर्षांची होते. दाढ जरा वेळाने बधिर झाली. मशेरी मात्र १९ वर्षं चिकटली.

मी सांगोला तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. सकाळी पोरांना ओळीत उभं करून "आ कर, दात घासलेस का?" असं विचारायचं आणि मशेरीची डबी कमरेला खोचलेली. एका पोरीने एकदा तोंडावरच विचारलं, "बाई, तुमचे दात काळे का?" मी हसून वेळ मारून नेली. तोवर खालचे पुढचे दोन दात हलायला लागले होते.

आपल्याकडे बायका मशेरीला दात घासायची वस्तू समजतात, घोळ तिथेच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तिच्यातलं निकोटिन जात नाही. हिरडीला चोळली की ते सरळ रक्तात उतरतं, म्हणून तर सकाळी डबी सापडली नाही की जीव कासावीस होतो. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन बनवायला, विकायला १९९२ मध्येच बंदी आली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

सोडताना सगळ्यात मोठी अडचण कोणती, तर परसाकडची. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं प्रत्येक बाई सांगते आणि ते खोटं नसतं. निकोटिनने आतडी हलतात, पोटाला तीच सवय लागते. मी रात्री चार-पाच मनुका भिजत घालायचे, उठल्यावर त्या खाऊन दोन तांबे कोमट पाणी, मग अंगणात चकरा. आठवडाभर हाल झाले, मग घडी बसली. डोकं दुखणं, चिडचिड, उगाच भांडावंसं वाटणं, हे पहिले तीन-चार दिवस जास्त असतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, तर नवऱ्याला वाटलं माझ्या अंगात आलंय. अगदीच जमेना तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात, फोनचे पैसे पडत नाहीत.

सकाळची मशेरी काढली की हात रिकामा राहतो. त्या हातात लगेच ब्रश द्या. मऊ केसांचा घ्या. आपल्याला बोटाने रगडायची सवय, त्यामुळे ब्रशही भांडी घासल्यासारखा चालतो. मशेरीवाल्या बायकांच्या हिरड्या आधीच खाली सरकलेल्या असतात, मुळं उघडी पडलेली असतात. तिथे रगडलं की दात आणखी झिजतात आणि गार पाण्याने कळ येते. ब्रश तिरका धरायचा, केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेला टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच गोल फिरवत पुढे सरकायचं. दाढांच्या आतली, जिभेकडची बाजू बहुतेकांची राहून जाते, म्हणून मी तिथूनच सुरू करते. सगळं मिळून दोन मिनिटं. शेगडीवर चहा ठेवून सुरू केलं तर उकळी येईपर्यंत होतं.

पेस्ट वाटाण्याएवढी. पाकिटावर फ्लोराइड लिहिलेलं बघून घ्या, १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, आणि ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. राखुंडी, विटेचा भुगा, कोळसा, मीठ रगडणं हे सगळं बंद. दात पांढरे दिसतात कारण वरचा थर खरवडला जातो, आणि तो परत येत नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकून माझी आई मला वेड्यात काढायची. पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची नाही. फक्त थुंकायचं. फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच त्याचा उपयोग. मलाही महिनाभर तोंड उष्टं असल्यासारखं वाटायचं.

सकाळपेक्षा रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, अडकलेल्या भाकरीच्या कणांवर जंतूंचं फावतं. घासून झाल्यावर दूध नाही, बडीशेपेच्या गोळ्या नाहीत, पाणी चालेल.

सुरुवातीला ब्रशला रक्त लागेल. बायका घाबरून तिथेच ब्रश सोडतात आणि पुन्हा डबीकडे वळतात. सुजलेली हिरडी रक्त देते. हळू हाताने घासत राहिलं की आठ-पंधरा दिवसांत बहुधा थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर, आणि साखरही तपासून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात.

फटीत अडकलेलं काढायला बांगडीतली सेफ्टी पिन वापरू नका. औषधाच्या दुकानात फटीत घालायचे बारीक ब्रश मिळतात, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच म्हणा.

जुनं कडक किटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरकडूनच काढावं लागतं. "साफ केल्यावर दात ढिले झाले" असं गावात ऐकाल. दात आधीच ढिले असतात, किटणाने लिंपून धरलेले. माझे दोन गेले ते असेच, बाकीचे मात्र आहेत.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन बसा. बोटाने गाल आणि ओठ बाजूला ओढून मशेरी ठेवायची ती जागा बघा, जीभ उचलून खालची बाजू बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दिसली तर थांबू नका. दुखत नाही म्हणून तर अजिबात थांबू नका, सुरुवातीला असलं काही दुखत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरला आधी मशेरीचं सांगा, मग दाढेचं. मी पहिल्या खेपेला लाजून फक्त दाढेचंच सांगितलं होतं.