नाकाखालची मधाच्या रंगाची खपली: शेवटी कशी गेली

ऐन पावसाळ्यात, कोथरूडला, धाकट्याच्या नाकाखाली बारीक फोड आले. फुटले की मधाच्या रंगाची चिकट खपली. आधी आजीची हळद, मग जंतुनाशक क्रीम. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमाने दोन दिवस लाली उतरली आणि खपली थेट हनुवटीवर पोचली. त्यात स्टेरॉइड होतं, हे ट्यूब उलटी करून वाचल्यावर कळलं. दहा दिवस वाया, डोकं उठलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी बघताक्षणी सांगितलं: इम्पेटिगो, जिवाणूंचा संसर्ग. दिलं म्युपिरोसिन 2 टक्के, जिवाणू मारणारं मलम.

मलम मी आधीही खपलीवरूनच थापत होते, तीही एक चूक होती. आता आधी हात धुवायचे. कोमट पाण्यात भिजवलेला मऊ कपडा खपलीवर पाचेक मिनिटं ठेवायचा. सुटेल तेवढीच पुसायची, ओरबाडायची नाही. टिपून कोरडं करायचं, मगच पातळ थर. दिवसातून 3 वेळा, 5 दिवस. तिसऱ्या दिवशी साफ दिसलं तरी थांबले नाही.

टॉवेल वेगळा, नखं कापलेली, शाळा बंद. ताप आला किंवा पसरलं तर पोटातून औषध लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. लागलं नाही.