समुद्र आधी, जेवण नंतर

समुद्रकाठच्या आवडत्या हॉटेलात वाढदिवस करायचे ठरले की घरात पहिली चर्चा मेनूवर होते, दुसरी केकवर, आणि वेळेचा विचार मात्र ‘आठच्या सुमारास निघू’ एवढ्यावर संपतो. वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्हीही तेच केले. नोव्हेंबर महिना होता. खिडकीलगतचे टेबल पंधरा दिवस आधी सांगून ठेवले होते आणि ते मिळालेही. परंतु आम्ही बसलो तेव्हा काचेपलीकडे मिट्ट काळोख होता आणि काचेत आम्हीच, आमच्यामागचे दिवे आणि वेटरचा पांढरा सदरा दिसत होता. वडील दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरून, कपाळ काचेला टेकवून बाहेर पाहत होते. जेवण उत्तम झाले, समुद्र तेवढा राहून गेला.

म्हणून समुद्र पाहणे आणि जेवणे ही दोन वेगळी कामे समजून दोहोंच्या वेळा स्वतंत्र ठरवाव्यात, असे माझे मत आहे. मुंबईत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला तो सव्वासातच्याही पुढे रेंगाळतो. पुष्कळ हॉटेलांची रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र बारा महिने सात-साडेसातलाच सुरू होते. हिवाळ्यातला वाढदिवस असेल तर साडेपाचला मरिन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, वरळी सी फेसला किंवा वांद्र्याच्या बँडस्टँडला पोहोचावे, तासभर निवांत बसावे आणि अंधार पडल्यावर हॉटेलात शिरावे. असे केले की खिडकीच्या टेबलासाठी व्यवस्थापकाशी हुज्जत घालण्याचे कारणच उरत नाही आणि आतले ऐसपैस, गोल टेबल आनंदाने घेता येते.

दिशेचाही विचार करावा. गिरगाव चौपाटीपासून जुहूपर्यंतचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तर अपोलो बंदराचा काठ पूर्वेला, बंदराच्या पाण्याकडे पाहतो. तिथे सूर्यास्ताच्या आशेने गेल्यास सूर्य पाठीमागे इमारतींत बुडतो. मात्र पौर्णिमेच्या संध्याकाळी त्याच सुमारास समोरून चंद्र वर येतो. घरात कोणाचे सहस्रचंद्रदर्शन असेल तर याहून समर्पक जागा मला सुचत नाही.

भरती-ओहोटीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, वास्तविक संध्याकाळ कशी जाईल हे बरेचसे तिच्यावरच ठरते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बारा. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला एवढे पुरते. याचा अर्थ असा की पौर्णिमेला संध्याकाळी सहाला पाणी पार आत गेलेले असते आणि कार्टर रोडसारख्या ठिकाणी खडक, चिखल आणि त्याचा वास एवढेच वाट्याला येते. उलट अष्टमीच्या आसपास भरती भांगाची, म्हणजे बेताची असली तरी पाणी त्या वेळी भिंतीपाशी असते. भिंतीवरचे कॅलेंडर उघडलेच आहे, तर वाढदिवस संकष्टीला किंवा श्रावणात येत नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. येत असेल तर आदल्या किंवा पुढच्या बुधवारी-रविवारी जेवण ठेवावे. उपवास असलेल्या आजींसमोर तळलेले बोंबील मांडून त्यांना साबुदाणा वडा मागवून देणे बरे दिसत नाही.

टेबल राखून ठेवण्यासाठी दुपारी चारच्या सुमारास फोन करावा, कारण तेव्हा पलीकडच्या माणसाला ऐकून घ्यायला सवड असते. मंडळी नेमकी किती, त्यांत लहान मुले किती हे सांगावे आणि आपण स्पष्ट विचारावे: आत शिरताना किती पायऱ्या आहेत, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, टेबल किती वाजता रिकामे करावे लागेल, बाहेरून आणलेला केक चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का. स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण गुडघेदुखीच्या माणसासाठी मेनूपेक्षा तोच महत्त्वाचा असतो.

औक्षण घरीच उरकून निघावे. समुद्रवाऱ्यात निरांजन टिकत नाही; उघड्या गच्चीवर तीन काड्या विझल्यावर चौथीला आमच्या आत्याने पदराचा आडोसा केला, तेव्हा वाढदिवस बाजूला राहून सगळे तिच्या पदराकडेच धास्तावून पाहत होते. घरी पाटावर बसवून, सुपारी आणि अंगठी ओवाळून, हातावर पेढा ठेवून निघाले की हॉटेलात केवळ केक उरतो.

प्रवासाबाबत एवढेच की उपनगरांतली रिक्षा वांद्रे-शीवच्या दक्षिणेला येत नाही, आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो, तो आदल्या दिवशी पाहून ठेवावा.

मासळी मागवताना ऋतू लक्षात घ्यावा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारे पापलेट बहुधा बर्फातले असते; पावसाळ्यातल्या वाढदिवसाला मी सरळ कोंबडी किंवा खाडीतल्या चिंबोऱ्या मागवतो. मेनूकार्डावर किमतीच्या जागी ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असेल तर नग किती मोठा आणि दर काय हे आधी विचारावे, यात कमीपणा मानू नये. मांदेली चविष्ट खरी, पण लहान मुलांच्या ताटात तिचे काटे काढण्यातच आईचे जेवण थंड होते. त्यांना सुरमईची तुकडी द्यावी, जिचा मधला काटा एका हिसक्यात निघतो. दातांची तक्रार असलेल्यांना ओले बोंबील सोपे जातात. शाकाहारी मंडळींसाठी तवा आणि तेल वेगळे आहे का, हे वेटरला त्यांच्यासमोर न विचारता आधी फोनवरच विचारून ठेवावे.

बसवताना ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना टेबलाच्या टोकाशी, मानाच्या जागी बसवण्याची आपली रीत आहे. मोठ्या टेबलावर ती गैरसोयीची ठरते, कारण टोकाच्या माणसाला दोघांचेच बोलणे ऐकू येते. त्यांना लांब बाजूच्या मध्यावर, ध्वनिक्षेपकापासून दूर बसवावे, आणि ऐकू कमी येत असेल तर चांगल्या कानाकडे नातवंड द्यावे.

बिल आल्यावर त्यातली सेवाशुल्काची ओळ वाचावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलाला ते शुल्क आपणहून बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. शुल्क काढायला शांतपणे सांगावे आणि ज्याने खरोखर मनापासून वाढले त्याच्या हातात आपल्या खुशीने पैसे ठेवावेत. ही बोलणी वाढदिवसाच्या माणसासमोर नकोत. एकाने उठून गल्ल्यापाशी जावे, दुसऱ्याने बडीशेप येण्याआधीच टॅक्सी दारात आणून उभी करावी आणि आजींची शाल आठवणीने खुर्चीवरून उचलावी.