सीए इंटर देताय? मग या चुका टाळा

ओळखीतल्या पोरापोरींचे इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचे, मॉक (सरावाचे) पेपर मी तपासून देते, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर अटेम्प्टला चेहरे बदलतात, चुका मात्र त्याच. तेच तेच फोनवर सांगून कंटाळले म्हणून एकदा लिहून टाकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅलन्स शीट टॅली होत नाही, म्हणजे दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणून तिथेच अडून बसणं. मी दिली तेव्हा इंटरला आयपीसीसी म्हणायचे, पेपरांचे दोन ग्रुप, दुसऱ्या ग्रुपला तीन पेपर. अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगला अमाल्गमेशनचा (कंपन्यांच्या विलीनीकरणाचा) प्रश्न आला, मला तो विषय चांगला यायचा म्हणून सुरुवातच त्याने केली आणि शेवटी फरक आला 40,000 चा. मग पर्चेस कन्सिडरेशन (कंपनी घेण्यासाठी द्यायची किंमत) परत काढलं, गुडविल परत काढलं, सगळ्या बेरजा परत केल्या, आणि घड्याळ बघितलं तर त्या एकाच प्रश्नावर सव्वा तास गेलेला. शेवटचा 16 मार्कांचा अख्खा प्रश्न कोरा राहिला, आणि तो मला येत होता. चूक घरी आल्यावर पाच मिनिटांत सापडली. दोन्ही कंपन्यांचं एकमेकींकडचं येणंदेणं मी डेटर्समधून काढलं होतं, क्रेडिटर्समधून काढायचं राहून गेलं. निकाल लागला तर तिन्ही पेपरांत पास व्हायला लागणाऱ्या 40 च्या वर, ग्रुपची बेरीज 146. लागतात 150. कुठल्याच पेपरात 60 नाहीत म्हणजे एक्झम्प्शनही (तो पेपर पुन्हा न देण्याची सूट) नाही, चार मार्कांसाठी सगळा ग्रुप पुन्हा. घरी सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं.

अहो, मार्क स्टेपला मिळतात. वर्किंग नोट्स नीट असतील, पर्चेस कन्सिडरेशन बरोबर असेल, तर टॅली न झालेल्या उत्तरालाही बरेचसे मार्क पडतात. 100 मार्कांना 180 मिनिटं म्हणजे मार्काला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि आताच्या पॅटर्नमधल्या 14 मार्कांच्या प्रश्नाला साधारण 25 मिनिटं. माझी सवय अशी की 25 मिनिटं झाली की पेन उचलायचं आणि नव्या पानावर पुढचा प्रश्न सुरू करायचा, फरक कितीही छळत असला तरी. आणि फरकाची रक्कम सस्पेन्स (तात्पुरतं खातं) नावाने घुसवून टॅली करून दाखवू नका, तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. मला तर दिसतंच.

दुसरी चूक, जिच्यामुळे माझं डोकं फिरतं, ती म्हणजे लेक्चर दुप्पट स्पीडने बघून "सिलॅबस झाला" म्हणणं. सर गणित सोडवतात ते बघणं आणि आपण कोऱ्या कागदावर सोडवणं यात खूप अंतर आहे. मागे एक मुलगी आली होती, हुशार, कॉस्टिंगचे सगळे फॉर्म्युले तोंडपाठ. मॉक लिहायला बसवली तर तीन तासांत 60 मार्कांचाच पेपर लिहून झाला, आणि शेवटची पानं वाचताही येईनात कारण हाताला लिहायची सवयच राहिली नव्हती. तिला म्हटलं, आजपासून लेक्चर बंद, रोज एक मोठं गणित पेनाने, घड्याळ लावून, उत्तर न बघता. महिनाभर कुरकुरली पण केलं तिने, आणि ग्रुप निघाला. लवकर उरकायची घाई असलेल्यांना हे पटत नाही, त्यांना पंधरा दिवसांचा क्रॅश प्लॅन हवा असतो. माझ्याकडे तो नाही.

सिनियरच्या जुन्या नोट्सवरून टॅक्स करू नका. स्लॅब, रिबेट, स्टँडर्ड डिडक्शन, सगळं बदलत राहतं, आणि 1 एप्रिल 2026 पासून तर 1961 चा कायदा जाऊन आयकर कायदा 2025 आलाय. तुमच्या अटेम्प्टला काय लागू आहे ते परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट स्वतः जाहीर करते, अभ्यासाला बसायच्या आधी ते वाचा. त्याच पेपरात 50 मार्क जीएसटीचे आहेत हेही विसरू नका, ते शेवटच्या आठवड्यावर ढकलणारे दर वेळी भेटतात.

आरटीपी आणि एमटीपी (इन्स्टिट्यूटचे रिव्हिजन आणि मॉक टेस्ट पेपर) न सोडवता पेपरला जाणं. फुकट मिळतात हो!

ऑडिटचं उत्तर स्वतःच्या मनाने गोल गोल लिहिणं. एसएचा (ऑडिटिंग स्टँडर्डचा) नंबर नक्की आठवत नसेल तर लिहू नका, चुकीचा तर अजिबात नको, पण भाषा स्टँडर्डचीच हवी.

एमसीक्यूचे (पर्याय निवडायच्या प्रश्नांचे) गोळे रिकामे सोडणं. इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, 30 मार्क तिथे आहेत, तरी "नक्की माहीत नव्हतं" म्हणून सोडून येतात. आणि गोळे शेवटच्या पाच मिनिटांत भरायला ठेवू नका, एक ओळ सरकली की पुढचे सगळे सरकतात. मी तर प्रत्येक केस सिनारिओ (एका प्रसंगावरचे प्रश्न) झाला की लगेच भरायला लावते.

दोन्ही ग्रुप एकत्र देताय? मग प्रत्येक पेपरात 40 असतील तर 600 पैकी 300 वर दोन्ही निघू शकतात, त्यामुळे एका ग्रुपची तूट दुसरा भरून काढतो. पण निम्मी तयारी असताना फक्त या आशेवर दोन्हीचा फॉर्म भरला तर तो 40 चा आकडाच आडवा येतो.

आणि 1:45 ला पेपर हातात येतो, लिहायचं 2 ला, ती 15 मिनिटं खिडकीबाहेर बघण्यात घालवू नका. कुठला प्रश्न सोडायचा ते तेव्हाच ठरवा, आणि अमाल्गमेशन असेल तर आधी बघा की दोन्ही कंपन्यांचं आपापसात काही येणंदेणं आहे का.