माचू पिचूला पायी जायचं, तर आधी नखं कापा

पेरूतल्या इंका ट्रेलची, म्हणजे माचू पिचू या जुन्या इंका नगरीपर्यंत जाणाऱ्या पायवाटेची, तयारी नागपुरात बसून करायची, तर आपलं गाव सपाट आहे हे आधी मान्य करावं लागतं. आपण राहतो समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. त्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड, वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर सराव केला तरी निम्मीही उंची होत नाही. या खिंडीच्या नावाचा केचुआ भाषेतला अर्थ 'मेलेली बाई'. घरी हे मी परत आल्यावर सांगितलं.

सुरुवात परवान्यापासून करा. बाकी सगळं ऐनवेळी पैसे टाकून मिळतं, परवाना मिळत नाही. दिवसाला ५०० माणसांनाच वाटेवर सोडतात आणि त्यात वाटाडे, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले. आपल्यासारख्यांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. स्वतःचं स्वतः जाता येत नाही, परवानाधारक कंपनीबरोबरच जावं लागतं. फेब्रुवारीत वाट बंद असते. कोरडा मोसम मे ते सप्टेंबर, त्यामुळे त्या महिन्यांच्या जागा फार आधी संपतात. आम्ही जूनसाठी दिवाळीचा फराळ संपायच्या आत पैसे भरले होते. परवान्यावर पासपोर्टचा नंबर असतो आणि चौकीवर तो ताडून पाहतात. पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आधी नवा काढा, मग बुकिंग करा. माझ्या भावानं नेमकं उलटं केलं आणि दोन्ही पासपोर्ट छातीशी धरून चार दिवस चालला.

यादीतून सर्रास सुटणारी गोष्ट म्हणजे पिवळ्या तापाची लस. वाटेवर त्या तापाची फारशी भीती नाही, इतक्या उंचीवर तो डास नसतो. पण पेरूहून भारतात परतताना विमानतळावर प्रमाणपत्र मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. दहा दिवसांच्या आत ते प्रमाणपत्र धरत नाहीत.

आता पाय. माझं स्पष्ट मत आहे की आपण सगळे चढण्याचा सराव करतो आणि फसतो उतरण्यात. चढताना दम लागतो, थांबलं की परत येतो. गुडघा एकदा रुसला की थांबूनही रुसलेलाच राहतो. वाट एकूण ४२ किलोमीटरच्या आसपास, चार दिवसांची. आकडा ऐकून फुटाळा तलावाला रोज फेऱ्या मारणारा माणूस म्हणतो, एवढंच? दुसऱ्या दिवशी ती खिंड चढून लगेच सहाशे मीटर खाली उतरायचं असतं. तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्काच्या अवशेषांपासून विन्याय वायनापर्यंत जवळजवळ हजार मीटर उतार, तोही दगडी पायऱ्यांचा. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याएवढी.

यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे आमच्या ओळखीतली दहा मजली इमारत. लिफ्टनं वर जायचं आणि पाठीवर सहा किलो घेऊन पायऱ्यांनी उतरायचं. चढण्याचा सराव वेगळ्या दिवशी. तिथल्या एका काकूंनी तिसऱ्या दिवशी अडवलंच, "बाप्पा, लिफ्ट खाली जाते की! कायले उतरून राहिले?" दोन आठवडे मांड्या भरून आल्या, जिन्यात कठडा धरून चालले. मग सवय झाली. महिन्यातून एकदा रामटेक गडाच्या पायऱ्या, आणि निदान दोनदा पचमढी: चौरागडला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, शिवाय जवळच धूपगड, १,३५० मीटर, सातपुड्यात सर्वात उंच. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीच्या यात्रेला आपल्याकडून किती लोक जातात! ओल्या दगडांवरून, स्लीपर घालून, डोक्यावर पिशवी घेऊन दिवसभर चालणाऱ्या म्हाताऱ्या तिथे पाहिल्या की महागड्या बुटांचा ताठा उतरतो. तरी बूट घ्याच, पण निघण्याआधी दोन-तीन महिने घ्या आणि त्याच बुटांनी पचमढी करा. आणि नखं कापा, प्रस्थानाच्या दोन दिवस आधी, अगदी आखूड. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला हजारो वेळा आपटतो. माझं एक नख काळं पडलं आणि पुढच्या पोळ्याला गळून गेलं.

रामटेकला जाल तेव्हा अलीकडे मनसरला थांबा. वाकाटकांचा दुसरा प्रवरसेन, त्याची राजधानी प्रवरपूर ती हीच असं मानतात. पाचव्या शतकातल्या विटा आहेत त्या. माचू पिचू १४५०च्या सुमाराला, पाचाकुती या इंका राजाच्या काळात बांधलेलं, म्हणजे आपलं मनसर त्याहून हजार वर्षांनी जुनं. पडक्या भिंतीत खोली, जिना, पाण्याचा मार्ग ओळखायची डोळ्याला सवय लागते. तिसऱ्या दिवशी वाटेवरच्या सायाकमार्काच्या अवशेषांपाशी थकून पोचल्यावर ही सवय कामी येते, नाहीतर नुसते दगड.

कपड्यांची खरेदी डिसेंबरात उरका. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, सीताबर्डीत लोकरी टोपी मागितली तर दुकानदार पाणी देतो. थंडीत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथे टोपी, हातमोजे, जाड मोजे मिळून जातात. तिकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा, तंबूत रात्री पारा शून्याजवळ जातो, दुपारी मात्र ऊन चटके देतं. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ तीन थर घ्या, वर पाँचो. काठ्या न्याच, पण टोकांना रबरी टोप्या हव्यात, इंकांचे दगड झिजू नयेत म्हणून तसा नियमच आहे. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या चालत नाहीत, स्टीलची न्या. पोर्टरकडे द्यायचं सामान स्लीपिंग बॅग धरून सातेक किलोत बसवा. त्यांच्या ओझ्यालाही कायद्यानं मर्यादा आहे, वीस किलोपर्यंत, आणि चौकीवर वजनकाटा असतो.

उंचीचं म्हणाल, तर ट्रेकच्या आधी जिथे उतरायचं ते कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्या उतरल्या तिथे हिंडू नका. आम्ही सरळ खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जाऊन दोन रात्री राहिलो, मग कुस्कोला आलो, डोकं दुखलं ते एकच संध्याकाळ. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळे देतात, प्या खुशाल, पण आठवण म्हणून त्याची पाकिटं बॅगेत टाकू नका. भारतात तो अमली पदार्थांच्या कायद्यात येतो.

खायला कंपनीचे स्वयंपाकी भरपूर घालतात, शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. उंचीवर भूक मात्र मरते. तेव्हा शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे आणि ओआरएसच्या पुड्या. संत्रा बर्फीचा मोह आवरा, ती मुंबईच्या विमानतळावरच संपते. सुटे सोल, म्हणजे पेरूचे पैसे, बक्षिसीसाठी वेगळ्या पाकिटात ठेवा: पोर्टर तिसऱ्या संध्याकाळी निरोप घेतात, चौथ्या पहाटे ते दुसऱ्या वाटेनं उतरून जातात. 'सुल्पायकी' एवढा एक केचुआ शब्द पाठ करा, धन्यवाद. आमच्या तोंडून तो ऐकल्यावर एका पोराला असं हसू फुटलं की आम्ही तो दिवसभर म्हणत राहिलो.

शेवटच्या रात्री पिशवी नीट भरा. तीनला उठवतात, फाटक साडेपाचला उघडतं, मधे अंधारात नुसतं रांगेत बसायचं. टॉर्च, पासपोर्ट, टोपी वरच्या कप्प्यात. इंती पुंकूहून, म्हणजे सूर्यद्वारातून, माचू पिचू पहिल्यांदा दिसतं. आम्हाला ढग दिसला. अर्ध्या तासानं त्यातून एक भिंत निघाली, मग दुसरी. तिथून अवशेषांपर्यंत पुन्हा तासभर उतारच आहे. पुढे पायथ्याच्या गावापर्यंत बस जाते, बसच घ्या. आणि स्लीपर स्वतःजवळच ठेवा. माझ्या पोर्टरच्या पिशवीतून पुढे निघून गेल्या होत्या, काळं नख घेऊन मी संध्याकाळपर्यंत त्याच बुटांत होते.