ब्रिटनच्या व्यापार करारावर संसदेत प्रश्न विचारायचाय? रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरातून दिल्लीत असा पोचवा
परदेशाशी करार करायला सरकारला संसदेची परवानगी लागत नाही, राज्यघटनेच्या कलम ७३ च्या जोरावर सही करून मोकळे होतात, पण त्यासाठी देशातला कायदा बदलायचा तर कलम २५३, म्हणजे संसदेतच यावं लागतं. तर २४ जुलै २०२५ चा ब्रिटनचा करार डाउनलोड करा, कोळंबीची ओळ शोधा (मालाच्या वर्गवारीचा सीमाशुल्क कोड ०३०६), आणि खासदारांच्या ऑफिसात एक पानी पत्र द्या. "मच्छीमारांचं काय?" असलं मोघम नको, उत्तरही मोघमच येतं. तारांकित प्रश्नच मागा, म्हणजे ज्याला मंत्री तोंडी उत्तर देतात तो, त्यावर सभागृहात उपप्रश्न काढता येतो, नोटीस किमान १५ दिवस आधी. खलाशी पाकिस्तानात अडकलेत? मग प्रश्न वाणिज्यला नाही, परराष्ट्र मंत्रालयाला, १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, त्यात आपला माणूस आहे का ते विचारा.