डेब पॅकेज इन्स्टॉल न करता आतून तपासताना

डेब फाइल म्हणजे डेबियन, उबंटूसारख्या लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायचं पॅकेज; आतून ते एआर (फाइली एकत्र बांधायची जुनी युनिक्स पद्धत) पद्धतीचं गाठोडं. ‘एआर टी’ आज्ञेने आत ३ वस्तू दिसतात: डेबियन-बायनरी (त्यात फक्त ‘२.०’), कंट्रोल टार (पॅकेजची माहिती आणि स्क्रिप्ट) आणि डेटा टार (प्रत्यक्ष बसणाऱ्या फाइली). ‘डीपीकेजी-डेब’ ही डेब फाइली हाताळणारी आज्ञा मोठ्या ‘आर’ पर्यायासह रिकाम्या फोल्डरवर चालवा; स्क्रिप्ट न चालता सगळं सुटं होतं.

आधी पोस्टइन्स्ट, म्हणजे इन्स्टॉलच्या शेवटी चालणारी स्क्रिप्ट, वाचा. ती रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालते. खोडी असलीच तर बहुधा इथेच. मग त्याच आज्ञेच्या लहान ‘सी’ पर्यायाने आतल्या फाइलींची यादी काढा. मालक म्हणून रूटऐवजी कुणा साध्या वापरकर्त्याचं नाव दिसलं, तर बांधताना फेकरूट (फाइली रूटच्या मालकीच्या भासवणारं साधन) राहून गेलं. एमडी५सम्स (फाइलींच्या चेकसमची यादी) नसेल तर पॅकेज बहुधा डेबहेल्पर या पॅकेज बांधायच्या नेहमीच्या साधनाशिवाय, हाताने बांधलेलं.

‘अननोन कॉम्प्रेशन’ आलं म्हणून फाइल पुन्हा उतरवू नका. डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीला झेडस्टँडर्ड ही कॉम्प्रेशन पद्धत उलगडता येत नाही, एवढंच.