फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमालयात जाताय? गोव्यातून निघण्याआधी आणि तिथे पोचल्यावर काय करावं

फेब्रुवारी संपत आला की फोंड्यात दुपारी पंखा लावावा लागतो, काजूला बोंडं धरू लागतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, "थंडी संपली, आता मनालीला जाऊन येऊया." थंडी संपलेली असते ती आपल्याकडची. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी हिमस्खलन झालं, त्यात रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार सापडले आणि ८ जण दगावले. ती तिथेच छावणीत राहून काम करणारी माणसं होती. आपल्यातले बरेचजण तर बर्फ पहिल्यांदाच पाहायला जातात.

या दिवसांत भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात एकामागून एक हिमालयावर येत असतात. एक आला की वर बर्फ, मधल्या पट्ट्यात पाऊस, खाली पंजाब-हरियाणात विजा आणि गारा. तो पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं आणि ओल्या मैदानावर रात्री धुकं उतरतं. त्यात ऊनही वाढलेलं असतं. दिवसा बर्फ भिजून जड होतो, रात्री पुन्हा गोठतो. गोठलेल्या जुन्या थरावर नवा बर्फ पडला की तो नीट धरत नाही आणि उतारावरून सुटतो. म्हणून जानेवारीपेक्षा हे दिवस सौम्य वाटतात, पण भरवशाचे नसतात.

१. तिकीट काढतानाच एक दिवस रिकामा ठेवा

हा दिवस डोंगरावर नको, खाली हवा. मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते. परतीची गाडी शनिवारी असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत चंदीगडला उतरून या. घाट बंद झाला तर हाच दिवस तुम्हाला वाचवतो. नाही झाला तर मुलांना रॉक गार्डन दाखवा. आम्ही एकदा हा दिवस वाचवायला गेलो आणि मनालीखाली रस्त्यावर दरड आली. परतीची सहा तिकिटं वाया गेली आणि दोन दिवस आईची रक्तदाबाची गोळी शोधत फिरलो. तेव्हापासून औषधंही चार दिवस जास्तीची नेतो, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवतो.

विमानाने जाणाऱ्यांनी दिल्लीहून दाबोळीला किंवा मोपाला परतताना पहाटेचं विमान टाळावं. धुकं तेव्हाच सगळ्यात दाट असतं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं, नुकसानभरपाई मिळत नाही. रेल्वे ३ तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरा. पूर्ण पैसे परत मिळतात.

२. इशारा वाचायला शिका

हवामान खात्याचं 'मौसम', आपत्ती व्यवस्थापनाचं 'सचेत' आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ही तीन अ‍ॅप घरूनच फोनवर घ्या. हिमाचलसाठी शिमल्याचं, उत्तराखंडसाठी डेहराडूनचं, काश्मीरसाठी श्रीनगरचं हवामान केंद्र जिल्हावार अंदाज देतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच बचावाची पावलं उचला. हिमस्खलनाचा इशारा मात्र वेगळा असतो. तो चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. हॉटेलवाल्याला रोज सकाळी तोही विचारा.

समुद्रावर वाऱ्याचा इशारा असताना मालीमच्या जेटीवर उभं राहून तांडेलाशी "जाऊया ना, काय होतंय" अशी हुज्जत कुणी घालत नाही. डोंगरातला ड्रायव्हर "आज नाही" म्हणाला की त्याचंही तसंच ऐका. पैसे वाढवून देतो असं तर मुळीच म्हणू नका. गरजू माणूस कधीतरी हो म्हणतो, आणि ते सगळ्यांनाच भोवतं.

३. कपडे

पणजीत २० अंशांना स्वेटर घालणाऱ्या आपल्याला एकच जाडजूड जाकीट पुरेसं वाटतं. ते पुरत नाही. अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा थर. आपला पावसाळ्यातला चांगला रेनकोट या वरच्या थराला चालतो. सुती बनियन आणि सुती मोजे नकोत, कारण घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. बर्फातले बूट तिथे भाड्याने मिळतात. मोज्यांचे कोरडे जोड मात्र घरून न्या. दोन जोड एकावर एक घट्ट चढवले तर पायाचं रक्ताभिसरण अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात.

४. उंची

२५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३५०० मीटरवर उतरत असाल तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. धाप बसूनही थांबत नसेल किंवा माणूस बरळू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवा.

५. उताराखाली थांबू नका

हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमक्या फोटोला छान दिसणाऱ्या जागी. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर असा हिमकडा कोसळून ७ पर्यटक गेले. ते तर एप्रिलमध्ये झालं. ताजा बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस आणि उन्हाची दुपार, या वेळी अशा उतारांकडे फिरकू नका. कुणी गाडला गेलाच तर शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून तिथून खाली शोधायला लागा. पहिली १५ मिनिटं फार मोलाची असतात. सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो तिथेही काचेसारखा बर्फ असू शकतो. आपण इथे चोर्ला घाट डोळे मिटून उतरत असू, तिथे गाडी स्वतः चालवू नका.

६. खोलीतली शेगडी

याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण आपल्या घरांत ही सवयच नाही. कोळशाची अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो. अंगीठी झोपण्याआधी खोलीबाहेर काढाच. बुखारी, म्हणजे खोली तापवायची बंद शेगडी, असेल तर तिचा धूर बाहेर नेणारा पाइप तपासून घ्या. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका उघडा ठेवा. रात्री खोलीतल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखू लागलं तर ते उंचीमुळे असेल असं समजून पडून राहू नका, आधी सगळे उघड्यावर या.

हाच धोका अडकलेल्या गाडीत असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसं गेली. गाडी अडकली तर आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, आणि तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गाडी सोडून चालत निघू नका.

७. गारठलेल्या माणसाला फेणी नको

फेणीने ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त धावतं आणि शरीराची ऊब बाहेर जाते. कापरं थांबत नाही, शब्द अडखळतात, पाय लटपटतात, अशी लक्षणं दिसली की ओले कपडे काढा, छाती-पोट आधी उबदार करा, आणि माणूस शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. बधिर, पांढरी पडलेली बोटं चोळू नका, शेकोटीवर धरू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि दवाखाना गाठा.

८. मैदानातही सावध

अतिदाट धुक्यात ५० मीटरपलीकडचं दिसत नाही. दिल्ली-चंदीगड टॅक्सी रात्री नको, सकाळी दहानंतर काढा. मार्चमध्ये गडगडाट ऐकू आला की झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली उभं न राहता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

निघण्याआधी घरी एक कागद ठेवा: रोजचा मुक्काम, हॉटेलचा आणि ड्रायव्हरचा नंबर. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून गटात निदान एक पोस्टपेड फोन असू द्या. रोज फोन करायची एक वेळ ठरवा. ती चुकली तर आधी हॉटेलला, मग ड्रायव्हरला, आणि तिथूनही काही कळलं नाही तर त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करायचा, हे घरच्यांना समजावून सांगा. त्या कक्षाचा नंबरही त्याच कागदावर लिहून ठेवा. तुमच्यासाठी तिथे ११२ आहेच.